मुलगी विश्वाच्या सुरुवातीवर संशोधन करायचं म्हणते: घरच्यांनी काय बघावं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. मुलगी ठाण्यातल्या एका कॉलेजात फिजिक्स घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे विश्वरचनाशास्त्रात, म्हणजे कॉस्मॉलॉजीत, संशोधन करायचं तिने ठरवलंय. तुम्ही विचारलंय की आयआयटी आणि आयसर हुकलं, तर आता उशीर झाला का, यात पोट भरतं का, आणि वाढदिवसाला तिला चांगली दुर्बीण घेऊन द्यावी का. शेवटी जरा वैतागून लिहिलंय, ‘विश्व जन्मलं तेव्हा बघायला कोणी नव्हतं, मग ही माणसं दिवसभर करतात तरी काय?’

मी तो शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी घेते. प्रवेश आणि पगार यांची चर्चा घरात होतेच, व्हायलाही हवी. पण मुलगी या वाटेवर टिकेल का, हे त्या ‘दिवसभर’च्या कामाची तिला गोडी आहे का यावर ठरतं. आणि ते काम व्हिडिओंत दिसतं त्याहून खूप वेगळं असतं.

माझ्याबद्दल एवढंच सांगते की याच विषयात पीएच.डी. केली, मग परदेशात पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधन, केलं, आणि आता मुंबईतल्या एका संस्थेत काम करते. राहायला नेरूळला. माझं काम दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, आकाशात कशा विखुरल्या आहेत यावर आहे. त्या विखुरण्याच्या ठेवणीवरून सुरुवातीच्या विश्वात काय घडलं असेल ते काढायचं.

‘बघायला कोणी नव्हतं’ हे खरं, पण मागे पुरावा राहिला आहे. विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचं असताना त्यातला वायू इतका थंड झाला की प्रकाश मोकळा सुटला. तो आजही सगळ्या दिशांनी येतो आहे, फक्त ताणला जाऊन त्याच्या सूक्ष्मलहरी झाल्या आहेत. १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांनी त्याचा शोध जाहीर केला. त्याचं तापमान सुमारे २.७ केल्विन आहे आणि ते सगळीकडे जवळजवळ सारखं आहे. या ‘जवळजवळ’मध्येच आमचं सगळं शास्त्र आहे. दिशेदिशेने त्यात लाखात एका भागाइतका फरक पडतो, हे कोबे उपग्रहाच्या मोजमापांतून १९९२ मध्ये कळलं. पुढे डब्ल्यूमॅप आणि प्लँक या उपग्रहांनी तोच फरक इतका बारकाईने मोजला की विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं आणि त्यात आपल्या ओळखीचं द्रव्य जेमतेम ५ टक्के, हे आकडे त्यातून निघाले. आजच्या दीर्घिका आणि त्यांचे समूह हे त्याच लाखातल्या एका फरकाचे वाढत गेलेले वंशज आहेत.

मग ते वाचायचं कसं? ठाणे स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर संध्याकाळी कोणता माणूस कुठे उभा राहील हे सांगता येत नाही. पण वरून फोटो काढला आणि त्यात जिने खोडून टाकले, तरी गर्दीचे पुंजके बघून जिने कुठे आहेत ते सांगता येईल. आम्ही दीर्घिकांचं हेच करतो. कृष्णद्रव्य, म्हणजे प्रकाश न देणारं आणि फक्त गुरुत्वाकर्षणाने जाणवणारं द्रव्य, दिसत नाही, पण दीर्घिका त्याच्या आसऱ्याने जमतात. लाखो दीर्घिकांच्या जोड्या घ्यायच्या, त्यांच्यामधली अंतरं मोजायची आणि कोणत्या अंतरावर जोड्या अपेक्षेपेक्षा जास्त सापडतात ते बघायचं. २००५ मध्ये दोन स्वतंत्र गटांना असा उंचवटा सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांच्या अंतरावर सापडला. सुरुवातीच्या तप्त वायूत ध्वनिलहरी धावत होत्या, आणि प्रकाश मोकळा झाला तेव्हा त्या जिथे पोचल्या होत्या तिथे थांबल्या. त्या अंतराची ही खूण आहे. लाखातल्या एका फरकाने सुरू झालेली गोष्ट आजच्या दीर्घिकांच्या नकाशातही सापडते, याचं मला इतक्या वर्षांनीही अप्रूप वाटतं.

आता दिवसभराचं काम. सकाळी आर्काइव्ह या संकेतस्थळावर नव्या शोधनिबंधांची यादी आलेली असते. हार्बरच्या गाडीत बसायला जागा मिळाली तर ती तिथेच चाळते. मग कोड. रात्री मोठ्या संगणकावर लावलेला रन पूर्ण झाला का, मध्येच पडला का, पडला तर का. मग आलेख. आलेखात एखादा उंचवटा दिसला, की पुढचे कित्येक आठवडे तो खरा नाही हे सिद्ध करण्याच्या प्रयत्नात जातात. दुर्बिणीने आकाशाचा एखादा भाग कमी वेळ पाहिला होता का? आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीमुळे एका बाजूच्या दीर्घिका मंद दिसल्या का? काही तारे चुकून दीर्घिका म्हणून मोजले गेले का? हे सगळं ‘नाही’ निघालं, तरच त्याला निकाल म्हणायचं. ज्याला नवीन काही सापडण्याची घाई असते, त्याला हे काम रटाळ वाटतं. आपल्याच आलेखावर संशय घेण्यात ज्याला रस वाटतो, तो माणूस इथे रमतो.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच देशातलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. पहिले तारे पेटले त्या काळाचा शोध घ्यायचा तर हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरी पकडाव्या लागतात. मूळची त्यांची कंप्रता १४२० मेगाहर्ट्झ, पण विश्व प्रसरण पावल्यामुळे ती आज शंभरच्याही खाली आलेली असते, म्हणजे एफएम रेडिओच्या पट्ट्यात किंवा त्याच्या आसपास. त्यात आपल्या आकाशगंगेचा रेडिओ गोंगाट या संकेताच्या हजारो पट मोठा. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एजेस प्रयोगाने जाहीर केलं की ७८ मेगाहर्ट्झच्या आसपास संकेत सापडला, आणि तो सिद्धांताच्या अपेक्षेपेक्षा दुपटीहून खोल आहे. जगभर शोधनिबंधांचा पाऊस पडला. कृष्णद्रव्याचे नवे गुणधर्म सुचवले गेले.

बंगळुरूच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमधला एक गट मात्र वेगळाच प्रश्न घेऊन बसला होता. अँटेनाच्या खालची जमीन सगळीकडे सारखी नसते. मातीच्या थरांवरून लहरी परत येतात आणि मोजमापात लाटा उमटवतात. मग अँटेना पाण्यावर ठेवली तर? पाणी एकजिनसी असतं. म्हणून त्यांनी सारस-३ ही आपली अँटेना २०२० मध्ये कर्नाटकातल्या दंडिगनहळ्ळी तलावावर आणि शरावतीच्या बॅकवॉटरवर तरंगवली. २०२२ मध्ये निकाल छापून आला की एजेसने सांगितला तसा संकेत त्यांच्या मोजमापात नाही, ९५ टक्के खात्रीने. त्यांना नवीन संकेत सापडला नाही. ‘नाही’ हेच उत्तर ठामपणे देण्यासाठी त्यांनी अँटेना बांधली, लोकवस्तीपासून लांबचे जलाशय शोधले आणि उपकरणाचा कानाकोपरा तपासला. मला विचाराल तर हे अलीकडच्या काळातलं या क्षेत्रातलं सगळ्यात देखणं भारतीय काम आहे. तुमच्या मुलीला हा प्रसंग सांगा. ऐकून तिचे डोळे चमकले तर ती योग्य वाटेवर आहे. ‘एवढं करून मिळालं काय?’ असं तिच्या मनात आलं तर त्यात वाईट काही नाही, पण मग फिजिक्सच्या दुसऱ्या शाखा तिला जास्त मानवतील.

उलटी बाजूही बघा. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ प्रयोगाने विश्वाच्या पहिल्या क्षणातल्या गुरुत्वलहरींची खूण सापडल्याचं मोठ्या पत्रकार परिषदेत सांगितलं. वर्षभराच्या आत प्लँकच्या माहितीशी ताडून बघितल्यावर कळलं की दिसलं त्याचा खुलासा आपल्या आकाशगंगेतल्या धुळीने होतो. या क्षेत्रात चांगल्या, हुशार माणसांच्या बाबतीतही असं होतं. म्हणूनच आता बरेच गट ‘ब्लाइंड’ पद्धतीने काम करतात, म्हणजे सगळ्या तपासण्या पूर्ण होईपर्यंत खरा आकडा स्वतःपासूनच झाकून ठेवायचा. ॲरिझोनातल्या डेसी प्रकल्पाने हेच केलं. त्यांच्या दुर्बिणीवर यंत्राने हलणारे ५,००० प्रकाशतंतू आहेत आणि प्रत्येक तंतू एकेका दीर्घिकेचा प्रकाश पकडतो. २०२४ आणि २०२५ च्या त्यांच्या निकालांत असं सुचतंय की कृष्णऊर्जा, म्हणजे विश्वाचं प्रसरण वेगवान करणारी ऊर्जा, कदाचित स्थिर नाही, काळानुसार बदलते. २०२५ च्या निकालात खात्री किती, तर सोबत सुपरनोव्हांची, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांची, कोणती माहिती घेतो त्यानुसार २.८ ते ४.२ सिग्मा. हा आकडा जितका मोठा, तितकी तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता कमी. शोध लागला असं म्हणायला आमच्याकडे ५ लागतात. तुमची मुलगी पीएच.डी.ला पोचेल तोवर याचा बराचसा उलगडा झालेला असेल किंवा प्रश्न आणखी चिघळलेला असेल. दोन्ही बाबतींत तिला काम आहे.

तेव्हा दुर्बिणीचं असं की आकाश बघण्याची हौस असेल तर जरूर घ्या, पण करिअरसाठी म्हणून घेऊ नका. माझ्यासारख्या कित्येकांनी अख्खी पीएच.डी. दुर्बिणीला डोळा न लावता केली आहे. ठाण्याच्या गच्चीवरून तसंही फार काही दिसत नाही. तिला एखाद्या हौशी गटाबरोबर अमावस्येच्या सुमाराला वांगणीला पाठवा, रात्रभर मोकळं आकाश बघू द्या. ते पैसे बऱ्या लॅपटॉपमध्ये घाला, रॅम १६ जीबीच्या खाली नको.

त्या लॅपटॉपवर काय करायचं तेही सांगते, कारण मला माहीत असलेली सगळ्यात प्रामाणिक परीक्षा हीच आहे. कॅम्ब नावाचा एक प्रोग्रॅम फुकट मिळतो, पायथनमधून चालतो. विश्वात सामान्य द्रव्य किती, कृष्णद्रव्य किती हे त्याला सांगितलं की त्या प्राचीन प्रकाशातले चढउतार कसे दिसतील याचा आलेख तो काही सेकंदांत काढतो. त्यात उंचवट्यांची एक रांग दिसते. पहिला उंचवटा आकाशात सुमारे एक अंशाच्या मापाला येतो, पूर्ण चंद्राच्या दुप्पट. आता तिला म्हणावं, सामान्य द्रव्याचा आकडा (प्रोग्रॅममध्ये तो वेगळ्या मापात असतो, वरचे ५ टक्के नव्हेत) ०.०२२ च्या आसपास असतो तो ०.०३ कर आणि बघ. पहिला आणि तिसरा उंचवटा दुसऱ्याच्या मानाने वर चढतील. का चढले? हे कुणाला न विचारता, वाचून, कागदावर गणित मांडून तिला शोधू दे. नंतर प्लँकची खरी मोजमापं उतरवून घेऊन त्यावर आपला आलेख बसवू दे. सेमिस्टर सांभाळून तीन-चार महिने लागतील. मध्येच सोडून द्यावंसं वाटेल, ते साहजिक आहे. पण सोडून परत आली का, ते बघा. माझ्याकडे उन्हाळ्यात प्रोजेक्टला येणाऱ्या मुलांत मी मार्कांच्या आधी हेच बघते.

उशीर झाला का? अजिबात नाही. बारावीनंतरचं दार हुकलं, तरी बी.एस्सी.नंतरचं दार तितकंच रुंद आहे. जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा दिली की आयआयटीच्या एम.एस्सी.ला जाता येतं आणि बंगळुरूच्या आयआयएससीत इंटिग्रेटेड पीएच.डी.लाही. टीआयएफआरची, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, स्वतःची प्रवेश परीक्षा आहे. एम.एस्सी. कलिनाला केली तरी पुढे पीएच.डी.साठी जेस्ट, गेट, नेट या परीक्षा आहेतच. आणि राहायला तुम्ही अगदी मोक्याच्या जागी आहात. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दला आहे. ठाण्याहून ट्रान्सहार्बरने वाशी आणि तिथून हार्बरने पुढे. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांचा नियस हा उपक्रम असतो. कुलाब्याला टीआयएफआर, पुण्यात विद्यापीठाच्या आवारात आयुका आणि रेडिओ खगोलशास्त्राची एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संस्था. आयुका जयंत नारळीकरांनी उभी केली ती विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या लोकांना संशोधनाची सोय व्हावी म्हणूनच, त्यामुळे कॉलेजातून आलेल्या विद्यार्थ्याने तिथे संकोच करायचं काही कारण नाही. उन्हाळी प्रोजेक्टच्या अटी दरवर्षी थोड्या बदलतात, त्या त्या वर्षी वेबसाइटवर बघाव्यात. विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिपही आहे. शिवाय २८ फेब्रुवारीच्या सुमाराला खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लोकांसाठी खुली असते. माळशेजमार्गे नारायणगावला जा आणि ४५ मीटरच्या ३० अँटेना तिला जवळून बघू द्या. २१ सेंटिमीटरच्या लहरींचं काम तिथेही चालतं. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत उभ्या राहणाऱ्या एसकेए या रेडिओ दुर्बिणींच्या महाप्रकल्पात भारताने १,२५० कोटी रुपये मंजूर करून भाग घेतला आहे आणि त्याचं इथलं काम एनसीआरए सांभाळते. तुमच्या मुलीच्या वयाच्या मुलांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

पैशाचं स्पष्ट लिहिते. पीएच.डी.ला २०२३ च्या सुधारणेनुसार पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये फेलोशिप मिळते. वसतिगृह नसेल तर नियमानुसार घरभाडं वेगळं. म्हणजे फी भरायची चिंता नाही आणि घरातून पैसेही मागावे लागत नाहीत, पण घरी पाठवण्याइतके उरतीलच असं नाही. पीएच.डी. होते साधारण अठ्ठावीस-एकोणतिसाव्या वर्षी. पुढे दोन-तीन पोस्टडॉक, प्रत्येक दोन-तीन वर्षांचं, बहुधा वेगवेगळ्या देशांत. कायम जागा मिळालीच तर तेहेतीस-पस्तिशीत. या जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ. हुशारी असूनही जागा न मिळालेली माणसं मी पाहिली आहेत. ज्या वर्षी अर्ज केला त्या वर्षी त्यांच्या विषयात कुठेच जागा निघाली नव्हती, एवढंच कारण. इथे परिस्थितीचा मोठा वाटा आहे. घरावर कर्ज आहे का, तुमच्या निवृत्तीनंतर तिच्या कमाईवर घर चालायचं आहे का, धाकटं भावंड आहे का, हे मला माहीत नाही आणि त्यावर उत्तर बदलतं. घराला पंचविशीत तिचा पूर्ण पगार लागणार असेल तर ते तिला आत्ताच सांगा. असं आधी माहीत असलेली मुलं एम.एस्सी.तच सांख्यिकी आणि संगणनाचं जास्तीचं शिकून ठेवतात. आमच्या विषयातून बाहेर पडलेली माणसं बँकांच्या जोखीम विभागात, डेटा सायन्समध्ये, हवामानाच्या मॉडेलिंगमध्ये आहेत. ऐरोली-महापेच्या ऑफिसांतही भेटतात. गोंगाटातून संकेत वेगळा काढायची सवय सगळीकडे कामाला येते. तेव्हा या वाटेवर दर काही वर्षांनी एक फाटा फुटतो, आणि तिथे वळणं हे अपयश नाही हे घरच्यांना आधीपासून पटलेलं असलं की मुलं जास्त मोकळेपणाने काम करतात.

तुम्ही वडील आहात आणि प्रश्न मुलीचा आहे, म्हणून एक गोष्ट वेगळी लिहिते. पोस्टडॉकची वर्षं आणि घरात लग्नाचा विषय निघण्याची वर्षं एकच. नातेवाईक दर दिवाळीला विचारायचे, ‘अजून शिकतेच आहे का?’ माझे बाबा शांतपणे ‘हो’ म्हणायचे आणि फराळाचं ताट पुढे करायचे. त्या ‘हो’च्या जोरावर मी कितीतरी कठीण वर्षं काढली. तुम्हालाही कुणीतरी विचारेल. उत्तर आत्ताच ठरवून ठेवा.

आणखी एक, जे फारसं कुणी सांगत नाही. पीएच.डी.ला संस्थेच्या नावापेक्षा गाइड महत्त्वाचा. तिने प्रवेश घेण्याआधी त्या गाइडच्या आत्ताच्या आणि जुन्या विद्यार्थ्यांशी बोलावं. किती वर्षं लागली, अडलं तेव्हा गाइडने वेळ दिला का, परिषदेला स्वतः जातात की विद्यार्थ्यांनाही पाठवतात, हे सरळ विचारावं. विद्यार्थी बोलायला कचरले, तर तेही उत्तरच आहे.

तूर्तास एवढंच करा. दुर्बिणीचा निर्णय पुढे ढकला, लॅपटॉपचं बघा, कॅम्बचा प्रयोग तिला तिच्या पद्धतीने करू द्या आणि येत्या फेब्रुवारीत खोडदला जाऊन या. तिचा प्रयोग उंचवट्यांच्या ‘का’पर्यंत पोचला, की तिलाच इथे लिहायला सांगा. गणिताचे कोणते पेपर झालेत, प्रोग्रॅमिंग कितपत येतं आणि घर सोडून राहायची तयारी आहे का, एवढं तिने कळवलं तर जॅमवर भर द्यायचा की टीआयएफआरच्या परीक्षेवर, ते मी नेमकं सांगू शकेन.